शेअर घेतला-विकला म्हणून कर? तुमचं मत काय?

असगोलीकर
मंडळी, चतुर्थीची गडबड सुरू व्हायच्या आत एक विषय टाकतो. शेअर बाजारातल्या सौद्यांवर सरकारने कर घ्यावा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं. नफ्यावर कर घ्या, तक्रार नाही. पण नुसतं घेतलं आणि विकलं म्हणून कर, हे मला पटत नाही. डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात ठेवायला, एक लाखाचे शेअर घेतले की १०० रुपये एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर. त्याचे पुढे पन्नास हजार झाले आणि वैतागून विकले, तरी ५० रुपये एसटीटी आहेच. बुडालेल्याकडून कसला कर घेता?

बरं, हा कर आला तेव्हाचं बोलणं वेगळं होतं. २००४ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी तो आणला, १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला, आणि बदल्यात शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर माफ केला. हे द्या, ते सोडलं, असा व्यवहार. २०१८ ला जेटलींनी नफ्यावरचा कर परत आणला, एक लाखाच्या वर १० टक्के. २०२४ च्या जुलैत तो साडेबारा टक्के झाला, सूट सव्वा लाखाची. एसटीटी मात्र आहे तिथेच आहे. आमच्या बाजूचं काढून घेतलंत तर तुमच्या बाजूचंही घ्या ना काढून.

मी रोज उलाढाल करणाऱ्यातला नाही. होमस्टेचे आणि काजूचे उरलेले चार पैसे शेअरमध्ये टाकतो, इतकंच. ज्यांना जास्त कळतं त्यांनी लिहा. 'सगळे चोर आहेत' एवढंच लिहायचं असेल तर वेगळा धागा काढावा, तिथेही येईन.

गजालवाला
नफो झालो तर सरकाराचो वाटो, तोटो झालो तर आमचो एकट्याचो. ह्यात नवीन काय ता सांगा.

हापूसवाला
असगोलीकर, दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट बघून तुम्हाला राग येतो, तर वाशीहून येणारी पट्टी एकदा बघा. वरती पेटीचा भाव, खाली हमाली, गाडीभाडं, आणखी कायकाय, आणि शेवटच्या ओळीत आपल्या हातात पडणार ती रक्कम. थ्रिप्सने मोहोर खाल्ला, औषधाचा खर्चही सुटला नाही, म्हणून त्यातली एक ओळ कोणी कमी केलेली मी पाहिलेली नाही. बाजार वापरला की बाजाराचे पैसे पडतात.

कुडाळची_सीए
हापूसवाला काका, बाजार फी कायद्याने खरेदीदाराकडून घ्यायची असते. आणि ती जाते बाजार समितीकडे. एसटीटी एनएसई-बीएसई या शेअर बाजारांकडे राहत नाही, तो थेट केंद्राच्या तिजोरीत जातो. एक्स्चेंजची फी वेगळी, सेबीची, म्हणजे बाजाराच्या नियामकाची, फी वेगळी, मुद्रांक शुल्क वेगळं, दलालीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. बाजार वापरल्याचे पैसे आपण एसटीटीच्या आधीच देऊन बसलेले असतो.

हापूसवाला
ताई, कायद्यात खरेदीदाराकडून, ते माहीत आहे. पण खरेदीदार पेटीला भाव बोलतो तो ती फी मनात धरूनच बोलतो. पावती कोणाच्या नावाने फाडली त्याने आम्हाला काय फरक पडतो?

मास्तर_राजापूर
हापूसवाल्यांचा हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे, तो असा सोडू नका. ज्याला उद्या विकताना कर भरायचा आहे तो आज घेताना तेवढी कमी किंमत देतो. त्याच्याकडून पुढे घेणाराही तेच करतो. म्हणजे कर लागू झाला त्या दिवशी ज्यांच्या हातात शेअर होते, त्यांच्या मालाची किंमत थोडी उतरते आणि बोजा बराचसा त्यांच्यावर बसतो. नंतर येणाऱ्याला माल आधीच उतरलेल्या भावात मिळतो. असगोलीकर, तुम्ही २००४ नंतर बाजारात आला असाल तर तुमचा राग थोडा कमी करायला हरकत नाही. :)

आता मूळ कल्पनेबद्दल. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्येच सुचवलं होतं की अमेरिकेत सट्टा उद्योगाच्या डोक्यावर बसलाय, तेव्हा सगळ्या सौद्यांवर सरकारने चांगला जड कर लावून पाहावा. पुढे १९७२ मध्ये दुसरा अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिनने असाच कर परकीय चलनाच्या सौद्यांवर सुचवला, कारण ब्रेटन वुड्सची चलनांच्या स्थिर दरांची व्यवस्था नुकतीच कोसळली होती. टोबिनचं नाव लोक शेअरवरच्या कराला चिकटवतात, पण त्याच्या डोळ्यासमोर चलन होतं. दोघांच्या मागचा विचार एकच: दहा वर्षं धरून बसणाऱ्याला हा कर जाणवत नाही, दिवसातून दहा वेळा फिरवणाऱ्याला तो खाऊन टाकतो. न सांगता माणसं निवडणारा कर आहे हा.

असगोलीकर
मास्तर, मग आपल्याकडे उलटं कसं? मी डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का देतो आणि विकतानाही ०.१. इंट्राडेवाला फक्त विकताना ०.०२५ देतो. धरून बसणाऱ्याला जास्त आणि संध्याकाळपर्यंत मोकळं होणाऱ्याला कमी?

आंबोलीचा_पाऊस
काका, गणित करा की. तुमची घेणं-विकणं मिळून एक फेरी ०.२ टक्के. इंट्राडेची एक फेरी ०.०२५. आठ फेऱ्या झाल्या की बरोबरी. ते आमच्यातले काही जण दुपारच्या जेवणाआधी उरकतात. तुम्ही ती फेरी पाच वर्षांतून एकदा मारता.

मी ऑप्शनमध्ये काम करतो, त्यामुळे हितसंबंध आधीच जाहीर करतो. (ऑप्शन म्हणजे थोडी रक्कम, प्रीमियम, देऊन ठरल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याचा हक्क; फ्यूचर म्हणजे पुढच्या तारखेचा पक्का सौदा.) १ ऑक्टोबर २०२४ ला ऑप्शन विकताना प्रीमियमवरचा कर ०.१ टक्का झाला, आधी ०.०६२५ होता. फ्यूचर विकताना ०.०२, आधी ०.०१२५. पंधरा लाखांचं एक फ्यूचर विकलं तर आधी १८७ रुपये ५० पैसे जायचे, त्या वाढीनंतर ३०० जायला लागले. फ्यूचरवाल्यांना हे चांगलंच लागलंय. ऑप्शनवाल्यांना फारसं नाही. २०२५ मध्ये निफ्टी निर्देशांकाचा ७५ चा एक लॉट (गठ्ठा) १०० रुपयांना घेऊन १०० लाच विकला, तर त्या दराने एसटीटी साडेसात रुपये. सवलतीतला ब्रोकर दोन ऑर्डरचे वीस-वीस घेतो, म्हणजे चाळीस. एक लॉट खेळणाऱ्या पोराला कर टोचतच नाही, दलाली टोचते. दहा लॉट खेळणाऱ्याला एसटीटी ७५ आणि दलाली तेच चाळीस, कारण ती ऑर्डरवर आहे. म्हणजे लहान माणूस सुटतो आणि मोठ्याला कर लागतो. मास्तरांना हवाय तसाच आहे की.

मास्तर_राजापूर
लहान माणूस सुटला तर चांगलंच. पण सट्ट्यातून सुटला का?

हर्णैबंदर
सुटत नाही मास्तर, तेच सांगायला आलो.

आमच्याकडे जून-जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, जाळी विणून झालेली, पोरं रिकामी. पूर्वी पत्ते, कॅरम चालायचा. आता पडवीत चौघं जण बसलेले आणि चौघांच्या हातात मोबाईल, कोणीतरी ग्रुपवर टाकलेल्या टिपा. आमच्या नात्यातल्या एकाने बंदीच्या काळात इंजिनाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले पैसे असेच घातले. नारळी पौर्णिमेला बाकीच्या होड्या पाण्यात गेल्या, त्याची तशीच ओढलेली राहिली. त्याला विचारलं, कर किती भरलास? त्याला तो कर आहे हेच माहीत नव्हतं.

माझं मत धागाकर्त्याच्या बरोबर उलट आहे. आहे त्याच्या वीसपट करा. जाणवला पाहिजे.

आंबोलीचा_पाऊस
दादा, वाईट वाटलं. पण वीसपट करूनही तो थांबला नसता. त्याने दहा हजाराचे चाळीस हजार होताना बघितलेत ग्रुपवर. त्याला साडेसात रुपयांच्या जागी दीडशे गेले काय, दिसणार नाहीत.

चाकरमानी_लांजा
मी मुंबईत एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसला आहे, नाव सांगत नाही. आंबोलीच्या म्हणण्याला आकडे देतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा (२०२१-२२ ते २०२३-२४) अभ्यास काढला होता. एक कोटीहून जास्त व्यक्ती, त्यातल्या ९३ टक्के फ्यूचर-ऑप्शनमध्ये तोट्यात, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. जुलै २०२५ मध्ये २०२४-२५ चे आकडे आले: ९१ टक्के तोट्यात, निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी. आदल्या वर्षी तोच ७४,८१२ कोटी होता. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एसटीटी वाढला होता हे लक्षात घ्या.

आणि खर्चाचंही बघा. त्या तीन वर्षांत या मंडळींनी व्यवहाराच्या खर्चापोटी साधारण ५० हजार कोटी दिले, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त दलालीचे. म्हणजे माझा पगार. हसू नका.

लोक करामुळे बुडत नाहीत आणि करामुळे थांबतही नाहीत. थोडा फरक पडला असेल तर तो सेबीच्या नियमांनी: नोव्हेंबर २०२४ पासून एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची आठवड्याची एक्स्पायरी (करार संपायचा दिवस), आणि कराराचा आकार किमान १५ लाख. आधी रोज कुठली ना कुठली एक्स्पायरी असायची.

गजालवाला
रोज एक्स्पायरी! आमच्याकडे आठवड्याचो बाजार पण एकदाच भरता.

कुडाळची_सीए
आता मी दोन्ही बाजूंनी बोलते, रागावू नका कोणी.

एसटीटीच्या बाजूने: २००४ च्या आधी शेअरच्या नफ्यावरचा कर कागदावर होता, पण वसूल करायला जीव जायचा. कोणी केव्हा काय भावाने घेतलं याचा पत्ता लागायचा नाही. शिवाय मॉरिशसमार्गे येणारे परदेशी गुंतवणूकदार करारामुळे इथे भांडवली नफ्यावर काही देतच नव्हते. तो करार २०१६ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना लागू झाला. एसटीटी मात्र सौद्याच्या जागीच कापला जातो, मॉरिशसचा असो की मालवणचा. बुडवताच येत नाही. गोळा करायला इतका स्वस्त कर क्वचितच असेल.

विरोधात: आता प्रत्येक सौदा पॅनला जोडलेला आहे, विवरणपत्र उघडलं की तुमचे सगळे व्यवहार वार्षिक माहितीपत्रकात हजर. म्हणजे जे पकडता येत नव्हतं म्हणून हा कर आला, ते आता पकडता येतं. आणि एक गंमत सांगते, असगोलीकर काका, बसून वाचा. फ्यूचर-ऑप्शनवाल्याचं उत्पन्न धंद्याचं धरतात, म्हणून त्याला भरलेला एसटीटी खर्चात दाखवता येतो. तुम्ही गुंतवणूकदार. तुमचा भांडवली नफा. तुम्हाला नफा काढताना एसटीटी वजा करता येत नाही.

असगोलीकर
काय सांगता! म्हणजे आंबोलीला वजावट आणि मला नाही?

आंबोलीचा_पाऊस
काका, मला वजा करायला नफा तरी हवा ना.

कुडाळची_सीए
आधी तर आणखी मजा होती. २००८ पर्यंत धंदा म्हणून सौदे करणाऱ्याला भरलेला एसटीटी थेट आयकरातून वळता करून मिळायचा. ती सवलत २००८ ला काढली आणि खर्च म्हणून धरायची मुभा दिली.

देवरुख_ते_लंडन
उशिरा आले. इथे ब्रिटनमध्ये शेअर घेताना अर्धा टक्का मुद्रांक भरावा लागतो, विकताना काही नाही. फक्त खरेदीचं बघितलं तर तुमच्या पाचपट. गंमत म्हणजे इतका जड कर असून लंडनचा बाजार त्याने बसला नाही, कारण कर कंपनीच्या शेअरच्या मालकीला चिकटलेला आहे. ब्रिटिश कंपनीचा शेअर तुम्ही न्यूयॉर्कमध्ये बसून घेतलात तरी सुटका नाही.

पण पळवाट आहेच. ज्यांना भरायचा नसतो ते शेअर घेतच नाहीत, फरकाचा करार करतात: भाव वाढला तर दलाल तुम्हाला फरक देणार, उतरला तर तुम्ही त्याला. मालकी बदलत नाही, मुद्रांक नाही. म्हणजे खरा शेअर घेणाऱ्या आजीबाईला कर आणि उधारीवर दहापट खेळणाऱ्याला माफी. हर्णैदादा, वीसपट करण्याआधी हे बघा.

मास्तर_राजापूर
याच्या शेजारी स्वीडन ठेवा म्हणजे चित्र पुरं होतं. १९८४ मध्ये त्यांनी घेताना अर्धा आणि विकताना अर्धा टक्का लावला, १९८६ मध्ये दुप्पट केला. त्यांचा कर होता स्वीडिश दलालांमार्फत होणाऱ्या सौद्यांवर. लोकांनी काय केलं? लंडनचा दलाल धरला. १९९० पर्यंत स्वीडिश शेअरची निम्म्याहून जास्त उलाढाल लंडनला गेली होती, आणि १९९१ अखेर कर रद्द. तिजोरीत अपेक्षेच्या मानाने फार थोडं आलं, वर नफ्यावरच्या करालाही फटका बसला, कारण सौदेच इथे होईनात.

दर ब्रिटनचाही मोठा होता. टिकला तो, कारण पळून जायला जागा ठेवली नव्हती. फ्रान्सने २०१२ मध्ये असाच कर आणला तो ०.२ टक्क्यावर, पुढे ०.३ केला आणि एप्रिल २०२५ पासून ०.४. तोही फ्रान्समध्ये मुख्यालय असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरना चिकटलेला.

चाकरमानी_लांजा
आपल्याकडे पळून जायची जागा म्हणजे गिफ्ट सिटी. गांधीनगरजवळच्या त्या खास आर्थिक क्षेत्रातल्या एक्स्चेंजवर एसटीटी लागत नाही. जुलै २०२३ पासून सिंगापूरचे निफ्टीचे सौदे तिकडेच आणलेत. बाहेरच्या मोठ्यांना ती सोय, आपल्याला नाही.

हर्णैबंदर
आणि गरिबांची गिफ्ट सिटी म्हणजे डब्बा. एक्स्चेंज नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट नाही, कर नाही, सगळं तोंडी. हिशोब शनिवारी रोख. बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत. वीसपट म्हटलं ते रागात म्हटलं नव्हतं, तरी या डब्ब्याचं उत्तर मला कोणीतरी द्या.

चाकरमानी_लांजा
उत्तर नाही, उदाहरण आहे. १ जुलै २०१३ पासून शेती सोडून बाकी वायद्यांवर, म्हणजे सोनं, चांदी, क्रूड वगैरे, ०.०१ टक्का सीटीटी, म्हणजे एसटीटीसारखाच कर, लागला. त्यानंतर एमसीएक्स या वायदेबाजाराची उलाढाल धाडकन पडली. सीटीटी हटवा म्हणणारे हाच पुरावा देतात. पण त्याच जुलैच्या शेवटी एनएसईएल या मालाच्या एक्स्चेंजचा ५,६०० कोटींचा घोटाळा फुटला, आणि एनएसईएलचा प्रवर्तक तोच, जो एमसीएक्सचा. आता उलाढाल कराने पडली, भीतीने पडली, की डब्ब्यात गेली, ते वेगळं काढणार कसं? अजून भांडतात लोक त्यावर.

रच्याकने, एसटीटीने खरंच माणसं रडलेली मी पाहिलीत. २०१९ च्या आधीची गोष्ट. फायद्यात असलेला ऑप्शन एक्स्पायरीला न विकता तसाच सोडला, तर एसटीटी फायद्यावर नव्हे, अख्ख्या कराराच्या किमतीवर ०.१२५ टक्के लागायचा. समजा निफ्टी ११,०००, लॉट ७५, करार सव्वाआठ लाखांचा. ऑप्शन दोन रुपयांनी फायद्यात, म्हणजे दीडशे रुपये मिळणार. कर १,०३१ रुपये! एक्स्पायरीच्या दिवशी तीन वाजल्यापासून आम्ही फोन करत बसायचो, साहेब विका, दहा पैशाला का होईना विका. लोकांना वाटायचं आम्हाला दलाली हवीय. १ सप्टेंबर २०१९ पासून तो फक्त फायद्याच्या रकमेवर केला. मग त्याच दीडशे रुपयांवर एकोणीस पैसे लागायला लागले.

गजालवाला
दीडशे कमवलंस, हजार भरलंस. ह्याका म्हणतत शेअर बाजारातली समाजसेवा.

पेडण्याचा_पाव
अवांतर: मुद्रांक शुल्काचं विचारायचं होतं. तोही केंद्राला जातो का?

कुडाळची_सीए
नाही. १ जुलै २०२० पासून देशभर एकच दर आहे, डिलिव्हरीत खरेदीवर ०.०१५ टक्के, आणि ते खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला मिळतं. तुम्ही पेडण्यातून घेतलेत तर गोव्याला, बांद्यातून घेतलेत तर महाराष्ट्राला.

गजालवाला
मग बांदेकरानू, खूप शेअर घेया. मुंबई-गोवा हायवे पुरो होवक व्हयो.

हापूसवाला
त्या हिशोबाने अख्ख्या कोकणाने ऑप्शन खेळले तरी हायवे होणार नाही.

देवरुख_ते_लंडन
कोकण रेल्वेचं गणपतीचं तिकीट कोणाला मिळालं का? आई एकटी येणार आहे दादरहून. (धागा हायजॅक करत नाही, फक्त विचारलं.)

चाकरमानी_लांजा
ताई, आम्ही बसने निघतोय, एक जागा आहे. निरोप टाकतो. देवरुखला वळसा घालू.

मास्तर_राजापूर
काम झालं असेल तर परत धाग्यावर येऊ. असगोलीकरांचा प्रश्न 'घ्यावा का' असा होता, आणि आपण 'किती' यावर भांडतोय. 'कशासाठी' हे आधी ठरायला हवं. सट्टा कमी करायचा असेल तर कर यशस्वी झाल्यावर तिजोरीत काही येता कामा नये. पैसा हवा असेल तर सौदे भरपूर व्हायला हवेत. दोन्ही एकदम मागता येत नाही.

चाकरमानी_लांजा
मास्तर, सरकारने काय मागितलंय ते अर्थसंकल्पातच छापलंय. २०२४-२५ ला एसटीटीचा अंदाज ३७,००० कोटी धरला होता. २०२५-२६ ला ७८,००० कोटी धरला. आता एका बाजूला सेबी म्हणते लोक बुडतायत, कमी खेळा. आणि दुसऱ्या बाजूला अर्थखात्याने दुप्पट खेळाचा हिशोब धरलाय. आठवड्याची एक्स्पायरी पूर्ण बंद करायची चर्चा निघाली की ७८,००० कोटींचं काय, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. मी ज्या धंद्यात आहे त्यात राहून सांगतो, सरकारला या खेळातल्या वाट्याची सवय लागू नये. असगोलीकर म्हणतात तसा तोट्यावर कर घेणं वाईट, ते ठीक, पण १०० रुपयांनी त्यांचं काही बिघडत नाही. तोटा व्हायची व्यवस्था चालू राहण्यात तिजोरीचा फायदा असणं, हे जास्त वाईट.

आंबोलीचा_पाऊस
हे पटत नाही. सरकारने वाटा घेतल्यामुळे खेळ चालू राहतो असं असेल, तर वाटा सोडल्यावर तो बंद होईल? उलट स्वस्त होईल. आणि जुलै २०२५ चंच बघा, सेबीने जेन स्ट्रीट या बड्या अमेरिकन सौदे करणाऱ्या कंपनीवर अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी अडकवलेच ना? कंपनीला आरोप मान्य नाहीत, निकाल काय लागायचा तो लागेल. पण एवढी मोठी उलाढाल करणारा, एवढा कर देणारा, म्हणून कोणी हात आखडता घेतला नाही.

चाकरमानी_लांजा
आदेश कधी निघाला आणि ते सौदे कधीचे होते, ते बघ. मग बोलू.

कुडाळची_सीए
माझं मत विचाराल तर डिलिव्हरीवरचा एसटीटी शून्य करा. तिथे नफ्यावर कर आहे, पॅन आहे, दुहेरी घ्यायचं कारण उरलेलं नाही. असगोलीकर काकांची २००४ ची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे. इंट्राडे, फ्यूचर, ऑप्शनवर ठेवा, कारण तिथे ९१ टक्के तोट्यात असतील तर नफ्यावरच्या कराला धरायला फारसं कोणी नाहीच.

हापूसवाला
म्हणजे नफा नाही म्हणून कर? पट्टी पाठवणाऱ्याला ही युक्ती सांगू नका.

असगोलीकर
सीए ताईंना माझं मत. शून्य करा.

हर्णैबंदर
डिलिव्हरीचं शून्य करा, माझी हरकत नाही. ऑप्शनवर मात्र कर प्रीमियमवर नको, मास्तर म्हणतात तसा फेऱ्यांवर हवा. महिन्याच्या पहिल्या दोन-चार सौद्यांना आहे तोच दर, पुढे प्रत्येक सौद्याला चढता. पॅनला सगळं जोडलेलंच आहे म्हणता ना?

आंबोलीचा_पाऊस
मग घरातल्या चौघांच्या पॅनवर खाती उघडतील. आईच्या, आजीच्या. आत्ताच उघडतायत.

मास्तर_राजापूर
चढत्या दराची कल्पना विचार करण्यासारखी आहे. मात्र त्यात घेण्याचा आणि विकण्याचा असे दोन्ही भाव सतत देत राहणारे व्यापारी मारले जातील. ते रोज हजारो सौदे करतात, आणि ते आहेत म्हणून असगोलीकरांना घेणं-विकणं यांतला फरक चार-पाच पैशांचा मिळतो. त्यांना सूट द्यावी लागेल, आणि सूट दिली की पहिले रांगेत कोण उभे राहणार हे चाकरमान्यांना विचारा.

चाकरमानी_लांजा
आमचे साहेब. :)

हर्णैबंदर
बरं, ते बाजूला ठेवा. सीए ताई, वर ज्या पोराचं लिहिलं त्याने या तोट्याचं विवरणपत्र भरलेलं नाही. उत्पन्नच नाही तर कशाला, म्हणतो. भरावं लागतं का?

कुडाळची_सीए
भरायला सांगा, आणि मुदतीच्या आत. फॉर्म आयटीआर-३, कारण धंद्याचं उत्पन्न. वेळेत भरलं तर हा तोटा पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, होडीच्या नफ्यातूनही. उशीर केला तर तो हक्क गेला. ब्रोकरच्या साइटवरून वर्षाचा कर-अहवाल काढायला सांगा, आणि त्यात एसटीटीची रक्कम वेगळी दिसेल, तीही खर्चात धरायची आहे. गणपतीत मी कुडाळलाच आहे, कागद घेऊन येऊ दे.

हर्णैबंदर
पाठवतो. सोबत सुकट पाठवू का?

कुडाळची_सीए
चतुर्थीनंतर.